आईचीही मुलाखत

लेकीला शाळेत घालायचं तर आधी आईबापांची मुलाखत होते, आणि तीही इंग्रजीत, हे कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ह्यांना कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही अकोल्याहून कर्वेनगरात आलो होतो. इथे भाजीवालीपासून शेजारणीपर्यंत सगळे माझ्या वऱ्हाडी बोलण्याला गालातल्या गालात हसायचे, म्हणून आधी मी माझी मराठीच सुधारून घेतली होती. आता इंग्रजी. एका जन्मात माणसानं बोलायला शिकायचं तरी किती वेळा?

आमच्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षिका आयांसाठी क्लास घ्यायच्या. स्वतःची दुपारची झोप मोडून शिकवायच्या आणि हा त्याग आम्हाला रोज ऐकवायच्या. ‘ॲम, इज, आर’पासून सुरुवात झाली. मग ‘आय कुक, शी कुक्स’. नवऱ्याबद्दल वाक्य करायची वेळ आली की माझी जीभ अडायची. ‘ही’ म्हणजे सरळ अरेतुरेच वाटायचं, म्हणून मी आपली ‘दे’ म्हणायची. अहो, आपल्याला नवरे आहेत तरी किती, असं बाईंनी शांतपणे विचारलं तेव्हा सगळ्याजणी हसल्या. मीही हसले, पण कानशिलं तापली होती.

मुलाखती जवळ आल्या तसं व्याकरण बाजूला पडलं. बाईंनी उत्तरंच सांगितली आणि पाठ करायला लावली. आवडीनिवडी काय, मुलांना कसं घडवणार, हीच शाळा का. मी कणीक मळताना घोकायची, लेकीची वेणी घालताना घोकायची, तिला थोपटताना तोंडात अंगाईच्या जागी तेच. मध्येच अडखळले की रडकुंडीला यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. ती साडेतीन वर्षांची पोर माझ्या तोंडाकडे बघत पडून राहायची.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही तिघं शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. उकाड्यामुळे मुख्याध्यापिकांच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत आमच्याच क्लासमधली एक जण होती. ‘माय हॉबीज आर रीडिंग अँड गार्डनिंग,’ ती म्हणाली. ते माझं उत्तर होतं. तिच्यानंतर गेलेलीनंही तेच सांगितलं. आम्ही सगळ्या एकाच शाळेत अर्ज करणार, एकाच दिवशी येणार, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं, बाईंच्या तर नाहीच. बाग कुणाकडे होती? माझ्या गॅलरीत एक तुळस होती, तीही वाळलेली. पण दुसरं काय सांगणार? माझ्याजवळ तेवढंच इंग्रजी होतं.

आत गेल्यावर मी तेच सांगितलं. मुख्याध्यापिकांनी पेन खाली ठेवलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, “छान. कर्वेनगरात आता घरं कमी आणि बागाच जास्त असणार.”

हे मान खाली घालून बसले. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं, पण लेकीचं शिक्षण अडलं होतं. मुख्याध्यापिकांनी पुढचं विचारलं, मुलीला कसं घडवणार? ‘आय वॉन्ट माय चाइल्ड...’ एवढं आलं आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. डोक्यावर पंखा फिरत होता. लेकीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि अगदी शांतपणे, मी जिथे श्वास घेते तिथेच श्वास घेत, तिनं उरलेलं उत्तर शेवटपर्यंत म्हणून दाखवलं.

मुख्याध्यापिका मनापासून हसल्या. तिला जवळ बोलावून त्यांनी रंग विचारले, फळं विचारली. तिची भीड चेपलेली होती. तिला प्रवेश मिळाला.

येताना ह्यांनी पेढे घेतले आणि पोरीनं आज लाज राखली, असं शेजारपाजारी सांगितलं. मीही पेढा खाल्ला. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? पण लेकीच्या नजरेला नजर देता येईना. इंग्रजी येत नाही याची लाज मला सवयीची होती. माझी भीती तिला पाठ झाली होती, ही लाज नवीन होती आणि ती कुठे लपवावी ते मला कळेना.

दिवाळीच्या आधी पालकसभा आली. वर्गाच्या दाराशी तिनं माझा हात सोडला, माझा पदर नीट केला आणि मी तिला समजावते त्याच सुरात म्हणाली, “आई, घाबरायचं नाही हं. तू नुसती हस, मी बोलते.”

आत जाऊन मी खरंच नुसती हसत बसले.