नानाचं थंडीतलं तेल

"वन्सं, हे उठत नाहीत हो..." सुधावहिनींचा एवढाच फोन आला. मी पुण्यातल्या कसब्यातून मांजरी गावाला पोचले तेव्हा माझा थोरला भाऊ, नाना, झोपेतच गेलेला होता. ऐन थंडीत. महिना होत आला, पण अजून मला त्याचा राग येतो. असं न सांगता कुणी जातं का?

नाना गणिताचा मास्तर, कुणाचं ऐकेल तर शपथ! पण वहिनींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि त्याचं सगळं जगणं त्यांच्या डायलिसिसभोवती फिरू लागलं. पाळी भल्या पहाटेची. उशीर झाला की मशीनवरचा तेवढा वेळ गेलाच. गेल्या हिवाळ्यात गॅरेजवाला म्हणाला, "जुनं इंजिन आहे काका, जाड तेलच टाका." टाकलं. त्यात मांजरीचा, उसाच्या रानावरून येणारा गारठा... एका पहाटे गाडी नुसती कण्हत राहिली. बॅटरी नवी, तरी! रिक्षा मिळेपर्यंत उशीर झाला, डायलिसिस अर्धवट राहिलं आणि संध्याकाळी वहिनींना धाप लागली. त्यांच्या उशाशी बसलेल्या नानाचा चेहरा मला बघवेना.

लगेच पठ्ठ्याने दोन बाटल्यांत दोन प्रकारची इंजिन ऑइलं आणली आणि थेट फ्रीजरमध्ये ठेवली, मटारांशेजारी.

"अहो, आपण मांजरीत राहतो, लडाखला नाही," वहिनी करवादल्या.

"पहाटे अंगणात उभी राहा, मग सांग."

सकाळी स्टीलच्या ताटात ओतून पाहिलं, तर जाड तेल काकवीसारखं रेंगाळलं आणि पातळ भर्रकन पसरलं. मग समोर बसवून माझी शिकवणी! "डब्यावर डब्ल्यूच्या, म्हणजे विंटरच्या, आधीचा आकडा बघ. तो जितका लहान, तितकं तेल थंडीत लवकर वाहतं. गाडीच्या पुस्तकातही हेच लिहिलंय. रात्रभर तेल खाली उतरलेलं असतं, ते झटकन वर चढायला हवं." वहिनींनी ते ताट पुन्हा स्वयंपाकाला घेतलं नाही. गाडीत पातळ तेल पडलं, आणि ती मात्र त्यानंतर कधी अडली नाही.

नाना गेला, तरी डायलिसिस थोडंच थांबतं? धड रडायलाही सवड मिळाली नाही हो आम्हाला. दिवसही झाले नव्हते आणि वहिनींची डायलिसिसची पाळी आली. पहाटे मीच गाडी काढली. किल्ली फिरवली आणि लगेच सुरू झाली. मला वाटलं होतं, निदान आज तरी ती रुसेल... मी गिअर टाकणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "थांबा जरा. तेल वर चढू द्या. हे थांबायचे."

मी गिअरवरचा हात काढला. काच धुक्याने पांढरी झाली होती.

"तेवढ्यात हे माझी शाल नीट करायचे," वहिनी म्हणाल्या. "सुया टोचायचा हात गार पडू नये म्हणून..."

शाल त्यांच्या खांद्यावरून घसरली होती. मी हात पुढे केला. त्यांनी तो हळूच बाजूला सारला.

"राहू द्या वन्सं. आज थंडी वाजू दे मला."