एकसष्टावी ओळ

या ग्रुपवरचे जुने लोक मला ओळखतात. कुणी गूढ किंवा दैवी अनुभव टाकला की खाली "साक्षीदार कोण होतं?", "त्या दिवशी ताप होता का?" असं विचारणारी आगाऊ बाई ती मीच. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही आहे असं छातीठोकपणे म्हणवत नाही. पण जे घडलं ते लिहिते, मग काय झोडपायचं ते झोडपा.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. चार वर्षांपूर्वी नोकरी घरून करायची परवानगी मिळाली आणि मी गावी आले. मालवणजवळच्या कट्टा गावाच्या बाजारापासून चार किलोमीटर आत आमचं घर, पुढे भाताचे कुणगे, म्हणजे छोटी खाचरं, मागे काजू. घरात बाबा आणि मी.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. डॉक्टरांनी आधीच कल्पना दिली होती, म्हणून ऑपरेशनपूर्वी मी त्यांना अकरा तास बोलायला लावून रेकॉर्ड केलं होतं. वर्तमानपत्र, सातबारा, काजूवरून शेजाऱ्याशी झालेलं भांडण, मिळेल ते. त्यातून मी त्यांच्यासाठी एक यंत्र बनवलं. जेवणाच्या डब्याएवढं, छोटा कीबोर्ड, इवलीशी स्क्रीन आणि स्पीकर. बाबा टाईप करणार, यंत्र बाबांच्याच आवाजात बोलणार.

त्याची ऑपरेटिंग सिस्टीम मी स्वतः सोर्स कोडवरून कंपाईल केली, म्हणजे सुट्या भागांपासून बांधून काढली. तयार सिस्टीम टाकली असती तर सुरू व्हायलाच दोन मिनिटं गेली असती, आणि बाबांना "चाय ठेव गो" म्हणायला एवढा वेळ थांबायची सवय नाही. माझी सिस्टीम आठ सेकंदांत उठायची आणि बोलण्याव्यतिरिक्त काही करायची नाही. मला तिचा फार अभिमान होता... तिथेच माती खाल्ली.

गेल्या वर्षी भातकापणी उरकल्यावर, रवळनाथाच्या जत्रेला दहा दिवस असताना, मी त्या चांगल्या चाललेल्या सिस्टीममधले चौऱ्याण्णव भाग नव्या आवृत्तीचे करून टाकले. गरज नव्हती, हात शिवशिवत होते. आणि जागा हवी म्हणून जुनी तयार प्रत पुसली. माझ्या हाताखालच्या पोरांनी असं केलं असतं तर मी त्यांना फाडून खाल्लं असतं.

नवी सिस्टीम माझ्या टेबलावर व्यवस्थित बोलायची. बाबांच्या हातात दिली की मुकी. दिवा लागायचा, अक्षरं उमटायची, आवाज नाही. परत टेबलावर आणून लावली की पोपटासारखी बोलायची.

आता जत्रेचं महत्त्व सांगते. देवळात जत्रेच्या सकाळी सगळ्या गावातर्फे देवाला गाऱ्हाणं घालतात, म्हणजे गावाचं मागणं मोठ्याने सांगतात, आणि लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. ते सांगायचा मान आमच्या घराण्याचा. ऑपरेशन झालं त्या वर्षी बाबा जत्रेला गेलेच नव्हते, गाऱ्हाणं चुलत काकांनी घातलं. यंत्र झाल्यावर गावाने बैठक घेऊन मान्य केलं की डब्यातून का होईना, बाबांचं गाऱ्हाणं चालेल. गुरव म्हणाले होते, "देव आवाज वळखता." तेव्हापासून बाबा रोज थोडं थोडं गाऱ्हाणं टाईप करून ठेवत होते. आता मी सांगितलं की काका घालतील, तर त्यांनी यंत्राच्या आधीची पाटी ओढून लिहिलं, "आवाज माझो व्हयो, नायतर मी येवचंय नाय." आणि पाटी पुसून खोलीत गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोष शोधायची आमच्या धंद्यात एक पद्धत असते. अर्धे भाग जुने ठेवायचे, अर्धे नवे, सगळं पुन्हा कंपाईल करायचं आणि बघायचं. दोष ज्या अर्ध्यात, त्याचे पुन्हा दोन भाग. चौऱ्याण्णवाला सात फेऱ्या. (सगळेच भाग एकदम जुने करून पाहिले होते, पण जुनी सेटिंगं पुसलेल्या प्रतीबरोबर गेल्यामुळे सिस्टीम उठेचना.) एकेका फेरीला माझ्या लॅपटॉपवर सहा तास, आणि लाईट आमची कशी ते तुम्हाला माहीत आहे. पण पहिले सात दिवस सगळा संशय आवाजाच्या भागांवर धरून मी त्यांच्यातच डोकं घातलं. नंतर ही पद्धत धरली, तर पहिल्याच फेरीत चौथ्या तासाला लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी आली. जत्रेला दोन दिवस उरले.

सकाळी बाबांनी पाटी समोर धरली. "कौल लावया."

पाकळी उजवी पडते की डावी यावरून देवाचं उत्तर घ्यायचं! माझं डोकं फिरलं. पण त्यांचा चेहरा बघून मुकाट्याने चप्पल घातली. बदललेल्या भागांची यादी छापून घेतली ती देवाला दाखवायला नव्हे, येताना रिक्षात बसून बघायला.

गुरव सत्तरीचे, शाळा चौथीपर्यंत. यंत्र हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिलं.

"आदी बोलत होता?"

"होय."

"मगे तू काय बदललंस?"

मी यादी दाखवली.

"खंय बोलता आणि खंय बोलना नाय?"

हेच तीन प्रश्न, याच क्रमाने विचारा म्हणून मी ज्युनिअर लोकांच्या कानीकपाळी ओरडत असते. निम्म्यांना अजून जमत नाही. मी सांगितलं, माझ्या टेबलावर बोलतं, बाबांकडे नाही.

"किती वस्तू बदललंस म्हणतंस?"

"चौऱ्याण्णव."

"एकदम इचारलंय तर देव तरी काय सांगतलो? अर्दे अर्दे करूया."

साक्षीदार विचाराल म्हणून लिहिते, ही अर्ध्याअर्ध्याची पद्धत मी त्यांना सांगितली नव्हती. बाबांनाही कधी नाही.

त्यांनी देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवली. यादी मधोमध दुमडली. "बा देवा म्हाराजा, चेडवाक वाट सापडना नाय. दोष वरच्या अर्द्यात आसात तर उजवो कौल दी, खालच्यात आसात तर डावो." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. आम्ही उभे. जरा वेळाने डावी पाकळी पडली. त्यांनी वरचा अर्धा भाग मागे दुमडला, पाकळी पुन्हा लावली आणि तेच शब्द, त्याच शांतपणे. मग उजवी. मग डावी. घाई नाही, नाटक नाही, माझ्याकडून काही काढून घ्यायचा प्रयत्न नाही. एकदा दोन्ही पाकळ्या बराच वेळ पडेनात, तर म्हणाले, "रव, तो बघता हा." सातव्या वेळी कागद दुमडायला जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी नखाने खूण केली. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. मी ओळ मोजली. एकसष्टावी.

मला हसू आलं. तो वीस ओळींचा एक फुटकळ प्रोग्रॅम होता. आवाजाशी त्याचा काही संबंध नाही, त्याच्यावर मी आयुष्यात संशय घेतला नसता.

घरी येऊन मी तो उघडला तो केवळ गुरवांना खोटं पाडायला. बाकी फेरीला सहा तास, याला दोन मिनिटं. जुनी आवृत्ती घातली, टेबलावरच्या सगळ्या वायरी काढल्या आणि यंत्र ओटीवर बाबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी काहीतरी टाईप केलं.

"चाय ठेव गो," बाबा म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथे उभी राहून पोटभर रडले.

कारण नंतर कळलं, आणि ते अगदी सरळ आहे. आवाज जिवंत वाटावा म्हणून बोलणारा प्रोग्रॅम प्रत्येक शब्द किंचित वेगळा काढतो. त्यासाठी त्याला रँडम आकडे लागतात, कुणी न ठरवलेले. ते यंत्र आजूबाजूच्या हालचालीतून, म्हणजे दाबलेली बटणं, वायरीतून येणारी माहिती यांतून गोळा करतं. एकसष्टाव्या ओळीवरचा प्रोग्रॅम बंद होताना त्यातले थोडे बाजूला ठेवतो, उद्याच्या सुरुवातीला, विरजणासारखे. नवी आवृत्ती ते विरजण ज्या जागी ठेवत होती ती जागा माझ्या सिस्टीममध्ये दर वेळी पुसली जायची. टेबलावर नेटच्या वायरीतून भरपूर हालचाल मिळायची म्हणून यंत्र बोलायचं. बाबा एका बोटाने सावकाश टाईप करणार, त्यात त्याचं पोट कसं भरणार? ते आपलं वाट बघत बसायचं.

जत्रेच्या सकाळी देऊळ भरलं होतं. बाबा पुढे उभे राहिले, डबा गळ्यात अडकवलेला. "बा देवा रवळनाथा..." आणि दोन वर्षांनी तो आवाज गाभाऱ्यात गेला. "व्हय म्हाराजा" काका सगळ्यात मोठ्याने म्हणाले. गुराढोरांसाठी, पावसासाठी, मुंबैक गेलेल्यांसाठी मागून झालं. सगळं आधीच टाईप केलेलं होतं, मला पाठ होतं. मग बाबांनी खाली बघून एका बोटाने काहीतरी नवीन टाईप केलं.

"माझ्या चेडवान माझो आवाज राखून ठेवल्यान. तेका कायम सुखात ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले. मीही म्हणाले.

आता तुमचा प्रश्न. चौऱ्याण्णवात एक, एवढी शक्यता असतेच, लोकांना लॉटरीही लागते. मी स्वतःला हेच सांगते. तपासून बघावं म्हणून महिन्याभराने मी दुसरी यादी घेऊन गुरवांकडे गेले. त्यात मीच मुद्दाम एक भाग बिघडवला होता.

त्यांनी यादी घेतली, माझ्याकडे पाहिलं. "ह्यात दोष खंय ता तुका म्हायत आसा?"

मी खोटं बोलू शकले नाही.

"म्हायत आसा ता इचारूक नये गो," म्हणाले, आणि यादी नीट घडी करून परत दिली. राग नव्हता. वर नारळ दिला.

म्हणजे तपासणीचा मार्गच बंद. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि ज्याला त्या यादीतलं अक्षरही वाचता येत नव्हतं त्या माणसाइतकं सुंदर, दोष कसा शोधावा हे मला माझ्याच धंद्यात कुणी शिकवलेलं नाही, एवढंच सांगू शकते.

परवा पुन्हा काही भागांच्या नव्या आवृत्त्या आल्या. मी लॅपटॉप उघडून बसले, हात शिवशिवायला लागले होते. पलीकडून बाबांनी हळूहळू बटणं दाबली.

"चलता मां?" ते म्हणाले. "मगे तसाच रवांदे, हात लावू नको."