तास संपेपर्यंत थांब

शिक्षकांच्या खोलीत माझ्या संयमाचं भारी कौतुक. डोंबलाचा संयम! सातवीच्या वर्गात पहिल्या बाकावरची एक मुलगी दर दोन मिनिटांनी माझं बोलणं मधेच तोडायची. हात वर करणं नाही, विचारणं नाही, थेट "बाई, चुकलं!" मी हसून म्हणायची, तास संपेपर्यंत थांब, मग सांग. आतून नुसती धुसफुसायची.

एकदा तिच्या घरी गेले. पुढे राहायची खोली, मागे चार माग, त्यांवर टॉवेल विणणं चाललेलं. वडील माझ्याशी बोलत होते, तेवढ्यात ही तेलुगूत ओरडली. वडिलांनी वाक्य अर्धवट टाकून माग बंद केला. धागा तुटला होता. लगेच ओरडलं नाही तर पुढचं सगळं कापड वाया जातं, असं ते म्हणाले. आणि मी या पोरीला तास संपेपर्यंत थांबायला सांगत होते! दुसऱ्या दिवसापासून मी तिला अडवणं सोडलं.

मग शाळेची तपासणी आली. साहेब मागच्या बाकावर बसले आणि घाईत मी बेरजेतला हातचा विसरले. "बाई, चुकलं!" मी खोडलं, दुरुस्त केलं, तिला शाबासकी दिली. साहेब मात्र जाताना मुख्याध्यापकांना सांगून गेले, या वर्गाला शिस्त नाही. झालं. लगेच वडिलांना बोलावणं आणि मुलीला ब तुकडीत टाकायचा हुकूम. ब तुकडीला वर्षभर गणिताला शिक्षकच नाही, हे मुख्याध्यापकांना चांगलं ठाऊक होतं.

माझं टाळकंच सरकलं. चूक माझी आणि शिक्षा तिला? मी त्यांच्या टेबलावर हजेरीपट आपटला. तिला हलवायचं असेल तर आधी मला हलवा, म्हणाले. ते गडबडले. बरं बरं, राहू दे तिला, म्हणाले.

पण वडील दारातच हात जोडून उभे होते. "बाई, हिला हितंच ठेवा. आता ती तोंड उघडणार न्हाई. मी घरी दम दिलाय." मी परोपरीनं सांगितलं, अहो, तिनं बोलायलाच हवं. ते नुसती मान हलवत राहिले. शाळेची भीती त्यांना माझ्या शब्दांपेक्षा मोठी होती.

मुलगी वर्गात राहिली. बोलेना. मी मुद्दाम विचारलं तरी खाली बघायची. मुख्याध्यापक मात्र खूश. वर्ग कसा शांत झालाय बघा, म्हणाले.

परवा वह्या तपासताना तिची वही हातात आली. फळ्यावर माझं एक गणित पुन्हा चुकलं होतं, मला पत्ताही नव्हता. तिनं ते जसंच्या तसं, सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं होतं. बाजूला पेन्सिलीनं बरोबर उत्तर लिहिलं होतं आणि मग रबरानं खोडलं होतं. इतकं घासून, की तिथं कागद फाटला होता.