फुलसिंगचा नारू आणि छबूबाईचं नाव

छबूबाईला माणसं आवडत नसत आणि ती हे लपवीतही नसे. ती तापीकाठच्या प्रकाशा गावची. मानमोडीच्या तापाच्या साथीत नवऱ्याला गाडीत घालून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आली. तिसऱ्या दिवशी नवरा गेला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा पाणी मागत होता, म्हणून ती थांबली, ती अठरा वर्षं थांबलीच. आया म्हणून नोकरीला लागली. एवढ्या वर्षांत तिनं पाच डॉक्टर पाहिले आणि पाचांनाही मनातल्या मनात नापास करून टाकलं. सध्याचा डॉक्टर तर पू दिसला की नाकाला रुमाल लावून खिडकीशी जाऊन उभा राही. असल्या माणसानं कापडाचं दुकान काढावं, असं ती त्याच्या तोंडावर म्हणायची. त्याला अहिराणी कळत नसे, म्हणून तो हसायचा.

पण तिच्या तिरस्काराचा खरा मानकरी बन्सीलाल कंपाउंडर. याच्याकडे एकच गुलाबी औषध. ताप असो, खोकला असो की पोटदुखी, तेच. मात्र ऐट अशी, की जणू सगळा दवाखाना याच्याच जिवावर उभा आहे. दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, हा गृहस्थ ओट्यावर स्टूल मांडून त्यावर चढायचा आणि 'दवाखान्याची खबर' वाचायचा. लोकांच्या मनातली दवाखान्याची भीती जावी म्हणून मागं एका डॉक्टरनं ही रीत घालून दिली होती. कोणाची बदली झाली, कोण रजेवरून परत आलं, नव्या खाटा किती आल्या, आणि शेवटी आठवड्यात बरे झालेले रोगी, नावगावासकट. मिरच्या-बांगड्या घ्यायला आलेली माणसं पिशव्या खाली ठेवून ऐकत. या यादीत कुबड्या घेऊन गेलेलेही 'पूर्ण बरे' असत. खबर सुरू झाली की छबूबाई मागल्या अंगणात भांडी घासायला बसे आणि ती मुद्दाम आपटे.

एका कामात मात्र तिचा हात धरणारं जिल्ह्यात कोणी नव्हतं. ते काम नारूचं. पायविहिरीच्या पाण्यातून पोटात गेलेला नारूचा जंत वर्षभरानं पायातून तोंड काढतो, दोऱ्यासारखा पांढरा, हात-दीड हात लांब. त्याला ओढून चालत नाही. त्याचं टोक बारीक काडीला बांधायचं, जखमेवर गार पाणी धरायचं आणि तो आपणहून जेवढा सैल होईल तेवढाच काडीवर गुंडाळायचा. दिवसाला बोटभर, फार तर दोन बोटं. मध्येच तुटला तर उरलेला आत कुजतो, पाय सुजतो, सांधा कायमचा धरतो. या कामाला औषध लागत नाही, धीर लागतो. आणि धीर तेवढा या दवाखान्यात आपल्या एकटीकडेच आहे, असं छबूबाईचं मत होतं. ते खरंही होतं.

छत्तीस सालच्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्यतृतीयेनंतर, धडगावच्या वरच्या पाड्यावरून फुलसिंगला झोळीत घालून खाली आणलं. आदल्या उन्हाळ्यात तो म्हसावदला मजुरीला आला होता, तिथलं पाणी त्याला बाधलं. नारू घोट्याच्या वर निघाला होता. सोबत बायको कालीबाई. डोंगरावर यांचा बरड जमिनीचा एक तुकडा, तोही उभ्या चढावर. पाय गेला तर नांगर कोण धरणार, एवढाच तिचा प्रश्न होता, आणि मोडक्यातोडक्या अहिराणीत तिनं तो पहिल्याच दिवशी छबूबाईला विचारला.

"पाय मी वाचाडसू," छबूबाई म्हणाली. मग फुलसिंगकडे वळून तिनं दम भरला, "या काडीले मन्हाबिगर कोनी हात लावाव नही. डॉक्टर उना तरी पाय मांगे ले."

सतरा दिवस तिनं तो नारू गुंडाळला. रोज सकाळी, पहिलं काम तेच. कालीबाई शेजारी बसून काडीकडे असं बघायची, जसं दूध उतू जाईल म्हणून चुलीकडे बघावं. आता आठ दिवसांचं काम उरलं होतं.

अशात बातमी आली की येत्या मंगळवारी धुळ्याहून मोठे साहेब येणार, खबर त्यांच्यासमोर वाचली जाणार. दवाखान्यात चुना लागला. ज्यांना चार दिवसांत कोणी विचारलं नव्हतं त्यांच्या चादरी बदलल्या. छबूबाई सगळ्यांना नाक मुरडत फिरत होती. तेवढ्यात बन्सीलाल तिच्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "छबूबाई, या मंगळवारनी खबरमा तुन्हं नाव शे. हेडआया करी ऱ्हायनात तुले."

"तुन्हा तोंडमा मन्हं नाव बरं नही दिसत," ती फणकारली आणि निघून गेली. पण त्या दिवशी तिनं एकही भांडं आपटलं नाही.

मंगळवारी सकाळी ती उशिरा आली. डोक्याला तेल, अंगावर पेटीतलं जांभळं लुगडं. पुवाचे डाग पडतील म्हणून फुलसिंगचं काम तिनं खबर झाल्यावर करायचं ठरवलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा ती मागल्या अंगणात न जाता ओट्यापाशी पुढं उभी राहिली.

साहेब खुर्चीवर बसले. त्यांच्यासाठी क्रम बदलला होता, रोग्यांची यादी आधी, नोकरांचा मान शेवटी. बन्सीलाल घसा ताणून वाचू लागला. एकोणचाळीस नावं झाली. मग तो जरा थांबला आणि छाती काढून म्हणाला, "चाळीस. फुलसिंग, राहणार धडगावकडील, नारू, पूर्ण बरा."

छबूबाईला कळायचं ते तिथंच कळलं. आठ दिवसांचं काम एका सकाळी पुरं झालं, याचा अर्थ एकच होता, कोणीतरी नारू ओढला होता. तिनं पाऊल उचललं. तेवढ्यात बन्सीलालनं पान उलटलं आणि म्हणाला, "आता नोकरवर्ग." तिनं पाऊल खाली ठेवलं. कोणी भिला शिपाई रजेवरून परतला, कोणा गिरधरची बदली झाली, मग तिचं नाव आलं. तिनं ते पूर्ण ऐकलं, हेडआयासकट. टाळ्याही ऐकल्या. मग पळाली.

फुलसिंग दातओठ खाऊन पडला होता. काडी जमिनीवर होती, तिला तुटका नारू. नवरा-बायको नको नको म्हणत असताना बन्सीलालनं सकाळी चाळीसचा आकडा भरायला तो ओढला होता. "थोडासाच ऱ्हायना व्हता, म्हनीसन वढी लिधा," असं तो नंतर सगळ्यांना सांगत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर लाजेचा मागमूस नव्हता. मूर्खाला लाज कुठून येणार! गरम पाण्यानं शेकलं, पोटिसं बांधली, पण संध्याकाळपर्यंत पाय गुडघ्यापर्यंत फुगला. पुढच्या वीस दिवसांत घोटा जो धरला तो सुटला नाही. नांगरामागं चालणारा पाय तो राहिला नाही.

त्या पहिल्या संध्याकाळी छबूबाई पट्टी घेऊन बसली. कालीबाई तिच्या जांभळ्या लुगड्याकडे बघत होती.

"तवय तू कोठे व्हती?"

खोटं बोलता आलं असतं. छबूबाई बोलली नाही. "लुगडाले डाग पडतीन म्हनीसन सकायनं काम मांगे ठेवं. भाईर उभी व्हतू. तेन्ही फुलसिंगनं नाव लिधं, तवयच मले समजनं. पन मन्हं नाव येनार व्हतं. ते ऐकाले थांबनू."

कालीबाईनं नवऱ्याच्या पायावरचा छबूबाईचा हात उचलला आणि बाजूला ठेवला. मग दाराशी उभ्या असलेल्या बन्सीलालकडे बोट दाखवलं.

"पट्टी तो बांधी. तू नको. तेले समजत नव्हतं. तुले समजत व्हतं."

बन्सीलाल पुढं आला आणि वाकडीतिकडी पट्टी गुंडाळू लागला. छबूबाई पाण्याचं भांडं धरून त्याच्या शेजारी उभी राहिली, आणि तो सांगेल तेव्हा पाणी देत गेली.