मिरचीची पाळी आणि हिरवं बटण

पुण्यात बसून शेतीची अ‍ॅप बनवणाऱ्यांना एकदा एसटीत कोंबून विहिरीवर नेलं पाहिजे. निकेत माझा शाळेतला मित्र. मी बारावीनंतर हिंडत राहिले, तो साहेब झाला. त्याच्या कंपनीच्या अ‍ॅपवर शेतातली मोटार घरबसल्या चालू-बंद होते म्हणे. "तुला फिरायचंच असतं, वरकुट्याला जा. सेशन संपलं की अ‍ॅप काय करतं ते बघ," म्हणाला. सेशन संपणं म्हणजे काही वेळानं सर्व्हर आपल्याला बाहेर काढतो, पुन्हा लॉगिन करावं लागतं.

सकाळी स्वारगेटहून बारामतीची एसटी घ्या, बसा उजवीकडं. डावीकडं ऊन भाजतं. बारामतीत भेळेच्या नादात मी इंदापूरची गाडी सोडली आणि स्टँडवरचा चहा प्यायले. तो पिऊ नका, गरम पाणी स्वस्त पडेल. वरकुट्याला पोचेपर्यंत संध्याकाळ. मुक्काम हे अ‍ॅप वापरणाऱ्या मंदाकाकूंकडं. पिठलं-भाकरी मात्र झकास!

विहीर भावकीतल्या चार घरांत सामाईक, पाण्याची पाळी ज्याची त्याची. अ‍ॅपचं खातं एकच, काकूंच्या थोरल्या दिरांच्या, तात्यांच्या नावावर. कंपनीच्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

सकाळी काकूंची पाळी. आदल्या दिवशी लावलेली मिरचीची रोपं माना टाकून उभी, लाईट फक्त बारापर्यंत. स्क्रीनवर हिरवं 'चालू'. पाइप कोरडा.

"चालू म्हनतंय की गं!" काकूंनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग रागानं दाबतच सुटल्या.

सेशन केव्हाच संपलं होतं. कंपनीचे सर्व्हर चार ठिकाणी. एकानं आम्हाला हाकललेलं, दुसऱ्याला पत्ता नाही, आणि अ‍ॅप हिरवं तोंड करून बसलेलं. बऱ्याच वेळानं लॉगिन मागितलं. ओटीपी तात्यांच्या फोनवर. तात्या संकष्टीला मोरगावच्या एसटीत.

"तात्या, आकडं आलं का?" काकूंनी फोन लावून विचारलं.

"आलं असतील. चष्मा घरी हाय. थांब, कंडक्टरास्नी इचारतो."

कंडक्टरनं तिकिटं फाडून होईस्तोवर तो ओटीपीही संपला. दुसरा चालला. आणि मघाशी दाबलेली सगळी बटणं एकदम विहिरीवर पोचली! मोटार घुरघुरली, थांबली, घुरघुरली, थांबली. स्टार्टर पडला, आता तो पेटी उघडून हातानंच उचलायचा.

"पेटीला कुलूप हाय. किल्ली तात्यांच्या करगोट्याला," काकू म्हणाल्या.

बारा वाजले, लाईट गेली. पुढची पाळी चार दिवसांनी. आम्ही दोघींनी घरच्या हौदातून कळशा वाहिल्या. पहिल्या काही सरी ओल्या झाल्या, मग हौद संपला.

"तुमचं अ‍ॅप लई हुशार हाय गं," काकू खाली बसत म्हणाल्या. "चुकतं, पर कबूल करत न्हाय."

घरी येऊन निकेतनं भरायला दिलेला तपासणीचा तक्ता उघडला. प्रश्न एकच होता : सेशन संपल्यावर लॉगिनचा पडदा आला का? 'हो' लिहिलं की अ‍ॅप पास.

कळशीनं खांदा अजून दुखतोय. मी लिहिलं : पडदा आला. पाणी आलं नाही.

निकेतनं दुसरं वाक्य खोडून पास केलंय.