हिरव्या अंगाची बाई

विंचूरकडच्या एका हॉटेलवाल्याने मला इटलीतल्या एका जुन्या तैलचित्राची नक्कल करायला सांगितली होती: पलंगावर उताणी पडलेली उघडी बाई, आपल्याकडे बिनधास्त बघणारी. भाऊ-वहिनीच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत मी ती रंगवत होते. जुने चित्रकार कातडीसाठी आधी हिरवट थर देत. तो वाळला की वर गुलाबी चढवायचा, म्हणजे अंग जिवंत वाटतं. माझी बाई अजून हिरवीच होती. मांडीवर, दंडावर, बरगडीखाली जरा जास्तच.

त्या दुपारी भाऊ वर आला. उघड्या बाईचं चित्र म्हणजे त्याच्या लेखी पापच. बोलेल, थुंकेल, जाईल, असं धरून मी ब्रश खालीही ठेवला नाही. पण तो चित्राजवळ जाऊन मांडी निरखायला लागला, मग दंड. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. खाली जाऊन त्याने वहिनीला वेणीला धरून जिन्यावरून फरफटत वर आणलं.

"माझ्या बहिणीसमोर कपडे काढलेस? सगळे डाग दाखवलेस तिला?"

वहिनीने मला कधीच काही दाखवलं नव्हतं. मला आधी कळेचना. मग कळलं: चित्रातला हिरवा थर त्याला मारल्याचे डाग वाटला होता. चोराच्या मनात चांदणं. आपण कुठे कुठे मारलंय, ते या माणसाला पाठ होतं.

त्याने रंग खरवडायची सुरी उचलून कॅनव्हास पोटापासून मांडीपर्यंत फाडला आणि वहिनीच्या तोंडावर बुक्की मारली. तिच्या ओठातून रक्त आलं. मी स्टूल उचलून त्याच्या पाठीत घातलं. मला अजिबात वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. तो कोलमडला. मी पुन्हा उगारलं तेव्हा वहिनीनेच माझा हात धरला.

चांदवडची ती. लग्नापासून त्याला 'अहो'च म्हणत आलेली. पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "अरे, पाठ कुठं हे त्या चित्रात? ती तर पाठीवर निजलीय. माझी पाठ बघितली असती, तर ताईंनी तुला कवाच फोडला असता."

मग ती माझ्याकडे वळली.

"ताई, गाडी काढा. सिव्हिलला जाऊ. डॉक्टरला पाठ दाखवायचीय."

मी स्कूटर काढली. खड्डा आला की ती मागे कण्हायची, आणि मी वेग कमी केला की म्हणायची, "जोरात घ्या."