लिअँडरच्या पिकअपमधली हवा

माझा थोरला भाऊ कास्पर वाल्ट्झ याचं आमच्या गावात गॅरेज होतं. त्यानं लग्न केलं नव्हतं. माझा नवरा गेल्यावर मी परत नॉर्थ डकोटाला आले आणि त्याच्याचकडे राहिले. मी फोन घ्यायची, सुटे भाग मागवायची आणि दुपारी मागच्या खोलीत बटाट्याचं सूप गरम करायची. जेवताना तो फारसा बोलत नसे. गाडीशी मात्र बोलायचा. "आता काय झालं गं तुला?" असं बॉनेटमध्ये वाकून विचारायचा.

आमच्याकडे शेतकऱ्याच्या दारात डिझेलची पिकअप असतेच, आणि डिझेलच्या गाडीनं एअर पकडली, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरली, की भलेभले मेटाकुटीला येतात. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, दुपारी तीच गाडी काही झालंच नाही अशी पळते. डिझेल बाहेर गळलं तर डाग तरी दिसतो. हवा आत शिरताना काहीच दिसत नाही. कास्परकडे त्यासाठी हातभर लांब पारदर्शक नळी होती. डिझेलच्या वाटेवर एका सांध्यात ती बसवायची, इंजिन चालू करायचं आणि नळीकडे बघत उभं राहायचं. बुडबुडे दिसले तर हवा त्या सांध्याच्या आधी, टाकीच्या बाजूनं कुठून तरी शिरते आहे. नाही दिसले तर तिथपर्यंतची वाट ठीक. मग नळी काढून पुढच्या सांध्यावर. या कामाला घाई चालत नाही, आणि कास्परला कधीच घाई नसे.

"गाडी दुरुस्त करतोस की मासे पाळतोस?" अँब्रोस हाइन्ले त्याला चिडवायचा.

"मासे परवडले. ते बडबडत तरी नाहीत," कास्पर म्हणायचा.

अँब्रोस त्याचा शाळेपासूनचा मित्र. गावाच्या उत्तरेला त्याची गुरं होती. त्याला बायको फिलोमिना आणि एकुलता एक मुलगा लिअँडर. लिअँडर बापासारखाच धिप्पाड, पण मृदू बोलायचा. त्याचं लग्न ठरलेलं होतं. अँब्रोसला घरची कामं स्वतः करण्याची भारी हौस. हिवाळ्याच्या तोंडावर तो आमच्याकडून डिझेलचा फिल्टर घेऊन जायचा आणि घरीच बदलायचा.

"ठेव इथे गाडी, टिलीच्या हातची कॉफी होईपर्यंत बदलून देतो," कास्पर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला होता त्या वर्षी.

"फिल्टर बदलायला तुझ्याकडे आलो तर माझा बाप कबरीतून उठून बसेल रे," अँब्रोस म्हणाला आणि खोकं काखेत मारून गेला.

मार्चमध्ये गाई विण्याचे दिवस असतात. त्या दिवशी सकाळी हवा बरी होती. लिअँडर पिकअप घेऊन लांबच्या कुरणावर गेला होता, तिथल्या गोठ्यात एक गाय अडली होती. दुपारी वादळ उतरलं. समोरचा हात दिसू नये असा बर्फ, आणि थंडी अशी की पापण्या चिकटत. वासरू सुखरूप बाहेर काढून तो घराकडे निघाला. खालच्या उतारावर, जिथे फोन लागत नाही, तिथे पिकअप बंद पडली. त्यानं बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारला असणार. मग तो चालत निघाला. घर फार लांब नव्हतं, म्हणूनच निघाला असावा.

दुसऱ्या दिवशी त्याला रूबेन लांगनं शोधलं. रूबेन शेतांवर टँकरनं डिझेल पोचवायचा. लिअँडरचा बाप्तिस्मा झाला तेव्हा धर्मपिता म्हणून यानंच त्याला हातावर घेतलं होतं. तारेच्या कुंपणाला धरून पोरगं बसलं होतं, एवढंच तो आम्हाला म्हणाला.

दफनानंतर अँब्रोसनं पिकअप आमच्याकडे ओढून आणवली. "का बंद पडली ते मला सांग. बाकी काही नको," एवढं बोलून तो निघून गेला.

कास्परनं गाडी एक रात्र गॅरेजमध्ये ठेवून ऊब दिली. सकाळी बॅटरी चार्ज करून सेल्फ मारला. गाडी चालू झाली आणि नीट चालत राहिली. मग त्यानं ती बाहेर उघड्यावर नेली. थंडी अजून ओसरली नव्हती. इंजिन गार झाल्यावर पुन्हा चालू केलं, तर ते धाप लागल्यासारखं चाललं आणि बंद पडलं. त्यानं फिल्टरच्या आधीच्या सांध्यात नळी बसवली. डिझेल ओढायचा इंजिनावरचा छोटा हातपंप मारून चालू केलं. नळीतून डिझेल स्वच्छ आलं, एकही बुडबुडा नाही. म्हणजे टाकी, टाकीपासूनचा पाइप, सगळं ठीक. मग त्यानं नळी फिल्टरच्या पुढे लावली. मी दारात शाल घेऊन उभी होते, मलाही तिथून दिसलं. बुडबुडे एकामागून एक धावत होते.

त्यानं फिल्टर खोलला. बराच वेळ वाकून राहिला. मग आत येऊन त्यानं टेबलावर फिल्टरच्या तोंडाच्या दोन रबरी रिंगा ठेवल्या. एक नवी, एक जुनी, कडक झालेली.

"जुनी वर चिकटून राहिली," तो म्हणाला. "त्यानं काढली नाही, तिच्यावरच नवी बसवली. एवढे दिवस तगली. त्या दिवशीच्या थंडीत रबर आखडलं आणि फट पडली."

"अँब्रोसनं?" मी विचारलं, जसं काही मला माहीत नव्हतं.

कास्परनं रिंगा उचलून पेपरमिंटच्या रिकाम्या डबीत टाकल्या. दुसरी कोरी रिंग नीट बसवली आणि गाडी चालू करून बघितली. दोन दिवसांनी अँब्रोस आला. आत आला तेव्हा टोपीसुद्धा काढली नाही.

"काय निघालं?"

कास्पर हात पुसत होता. तो पुसतच राहिला.

"डिझेल गोठलं रे," तो म्हणाला. "असल्या थंडीत गोठतं. कुणाच्या हातात नसतं ते."

अँब्रोस खुर्चीत बसला आणि रडला. तो गेल्यावर मी कास्परला विचारलं, "खोटं का बोललास?"

"पोरगं गेलंय त्याचं, टिली. वरून हे कसं सांगू?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला माझ्या भावाचं कौतुकही वाटलं. यातून पुढे काय उभं राहील, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

डिझेल गोठलं, तर ते डिझेल दिलं कुणी? अँब्रोसच्या मनानं तेवढीच एक वाट धरली. हिवाळ्यात पातळ डिझेल द्यायचं असतं. रूबेननं नक्की उरलंसुरलं उन्हाळी डिझेल टाकीत ओतलं, असं तो कॅफेत बसून म्हणू लागला. आधी हळू, मग सगळ्यांदेखत. चर्चच्या दारात रूबेननं हात पुढे केला तर अँब्रोस तोंड फिरवून गेला. काही शेतकऱ्यांनी रूबेनचा टँकर बंद केला. कास्परनं दोनतीनदा अँब्रोसला समजावलं, की डिझेल चांगलं असलं तरी गोठतं, रूबेनचा काय दोष. अँब्रोसनं ऐकून घेतलं नाही. "तू त्याची बाजू घेऊ नकोस, तुझा काही मुलगा गेला नाही," म्हणाला.

पुढच्या थंडीत एके दुपारी रूबेन गॅरेजमध्ये आला. अंगानं निम्मा झाला होता. मी सूप वाढलं, त्यानं चमचाही उचलला नाही.

"कास्पर, तू ती गाडी बघितलीस. खरं सांग. माझी चूक झाली का रे? मी रोज आठवून बघतो. त्या आठवड्यात कोणत्या टाकीतून भरलं होतं, कोणती झडप उघडली होती. आधी मला खात्री होती. आता नाही. कदाचित मीच मारलं असेल त्याला."

कास्पर उठून बाहेर गेला. बर्फात, अंगात कोट न घालता. मी खिडकीतून बघत होते. परत आला तेव्हा म्हणाला, "तू नाही मारलंस, रूबेन. तुझं डिझेल स्वच्छ होतं. मी ते डोळ्यांनी बघितलंय."

"मग?"

"उद्या कळेल तुला. आजचा दिवस दे मला."

रूबेन गेल्यावर आम्ही लगेच निघालो. गाडी मी चालवली. डबी त्याच्या खिशात होती.

फिलोमिनानं दार उघडलं. टेबलावर कूखन, आमच्याकडचा गोड केक, होता, तिनं सवयीनं कापायला घेतला. कास्पर उभाच राहिला. त्यानं डबी उघडून रिंगा टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. मध्ये थांबला नाही, मऊ करून सांगितलं नाही. फिलोमिनाच्या हातातली सुरी तशीच राहिली.

अँब्रोस रिंगांकडे बघत होता. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"गाडी आणलीस त्या आठवड्यापासून."

"मला दाखव."

"अँब्रोस, नको," फिलोमिना म्हणाली.

"मला बघायचंय."

पिकअप त्याच्या शेडमध्येच होती, आमच्या गॅरेजमधून परत नेल्यापासून कुणी चालवली नव्हती. अँब्रोसच्या सांगण्यावरून कास्परनं त्याच दोन रिंगा पुन्हा एकीवर एक बसवल्या, नळी लावली आणि शेडची दारं थंडीला उघडी ठेवली. आम्ही वाट बघत तिथेच उभे राहिलो. शेवटी कास्परनं आमच्या गाडीची बॅटरी जोडून सेल्फ मारला.

अँब्रोस वाकून नळीत बघत होता. पहिला बुडबुडा आला, मग दुसरा, मग त्यांची माळच लागली. इंजिन अडखळलं, पुन्हा चाललं, पुन्हा अडखळलं आणि बंद पडलं. अँब्रोसनं हात लांब करून नळीला बोट लावलं, जसं काही बाहेरून ते थांबवता येईल.

"एवढीशी," तो म्हणाला. मग कास्परकडे न बघता म्हणाला, "हे तू मला तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी मेलो असतो. पण रूबेनला एक वर्ष जाळलं नसतं."

"हो," कास्पर म्हणाला.

"जा आता तुम्ही."

अँब्रोस त्याच संध्याकाळी पायी रूबेनकडे गेला. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पुढच्या रविवारी ते दोघं चर्चमध्ये एकाच बाकावर बसले होते, मध्ये फिलोमिना. टँकर पुन्हा सगळीकडे फिरू लागला, तरी रूबेनच्या अंगावर मांस काही चढलं नाही. अँब्रोसनं गुरं विकली. कॅफेत येणं सोडलं. आमच्या गॅरेजची पायरी तो पुन्हा कधी चढला नाही. रस्त्यात दिसला तर कास्पर थांबायचा आणि अँब्रोस मान हलवून पुढे जायचा. शिवी दिली असती तरी कास्परला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

एकदा जेवताना कास्परनं विचारलं, "टिली, चूक कुठली होती? तेव्हा खोटं बोललो ती, की नंतर खरं बोललो ती?"

"पहिली," मी म्हटलं. "पण मी तुझ्या जागी असते तर तेच केलं असतं."

त्यानं सूप संपवलं आणि कामाला गेला.

अँब्रोस दुसऱ्या वसंतात गेला, हृदयविकारानं. शवपेटी उचलायला रूबेनला बोलावलं, कास्परला नाही. कास्पर चर्चमध्ये मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. दफन झाल्यावर सगळे तळघरातल्या हॉलमध्ये जेवायला जमले, तो बाहेर गाडीतच बसून राहिला. मी ताट घेऊन निघाले तर फिलोमिनानं ते माझ्या हातातून घेतलं. "मी नेते," म्हणाली. गाडीच्या खिडकीतून तिनं ताट आत दिलं, त्यानं घेतलं. तो काहीतरी बोलू लागला, तर तिनं त्याच्या बाहीवर हात ठेवला.

"आधी खा, कास्पर," ती म्हणाली. "निवतंय."